देवांगची हाक

“काका, एवढं एक वाक्य टाकू या. मग केस टिकेल,” रेणू म्हणाली.

रेणू आमची वकील. जन्म इथलाच, व्हर्जिनियातला, पण मराठी बोलते. अ‍ॅशबर्नच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून ती ह्यांना समजावत होती आणि पोहे गार होत होते. डेटा सेंटरमधून ह्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी काढलं. टीमला नवी एनर्जी हवी, म्हणे. वय बघून काढलं, अशी तक्रार आम्ही कोर्टात केली. आता कंपनीनं उलट अर्ज दिला होता, की ही केस आत्ताच काढून टाका, साक्षीपुरावेसुद्धा नकोत.

“एनर्जी म्हणजे वय नव्हे, असं म्हणतायत ते,” रेणू म्हणाली. “पण देवांग तुम्हाला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर काका म्हणायचा ना? आपण लिहू, मॅनेजर वयावरून चिडवायचा. जजला लगेच क्लिक होईल.”

देवांग ह्यांचा मॅनेजर. नागपूरहून आला तेव्हा घर मिळेपर्यंत आमच्याच बेसमेंटमध्ये राहिला, माझ्या हातची आमटी ओरपून जेवला. आणि काढताना फोनवर म्हणाला, ‘सॉरी काका, वरून आलंय.’ खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला.

“लिही गं, बिनधास्त लिही,” मी म्हटलं.

“नको,” हे म्हणाले. “तो चिडवत नव्हता. मी डबा विसरलो की आपला अर्धा पुढे करायचा. काका, खा, म्हणायचा.”

“आणि काढलं कोणी?”

“त्यानंच. त्याचा राग आहेच मला. पण काका म्हणाला ती शिवी कशी ठरवू? रेणू, तूही मला आत्ता तेच म्हणालीस.”

रेणूनं लॅपटॉप मिटला. मला मात्र असा संताप आला! ह्यांच्या ह्या भिडस्तपणानं जन्मभर आमचं नुकसान केलं. पोह्यांच्या बश्या मी आपटतच उचलल्या.

ते वाक्य काही तक्रारीत गेलं नाही. उन्हाळ्यात निकाल आला, केस काढून टाकली. रेणूनं फोनवर सांगितलं, की तुमचं सगळं म्हणणं खरं धरलं तरी त्यातून भेदभाव दिसत नाही, असं जजनं लिहिलंय.

“सगळं खरं धरून?” ह्यांनी विचारलं.

“हो काका. ह्या स्टेजला तसं धरतातच.”

“म्हणजे मी काम चांगलं करत होतो, हेही?”

“तेही.”

ह्यांनी मान डोलावली. एवढ्यावर समाधान मानणारा माणूस. मला रडू आवरेना.

परवा इंडियन स्टोअरमध्ये आम्ही भेंडी निवडत होतो. समोरून देवांग आला. खरं सांगते, ह्यांचा चेहरा खुलला. हातातली भेंडी टाकून हे पुढे झाले. देवांगनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात पुढे केला.

“हॅलो, मिस्टर साठे. होप यू आर डूइंग वेल.”

कंपनीच्या वकिलानं बजावलं असणार त्याला. दुसरं काय.

“बरा आहे रे,” हे म्हणाले. “आईचे गुडघे कसे आहेत?”

“फाइन, थँक यू,” म्हणत तो कार्ट ढकलत पुढे गेला.

हे परत भेंडीपाशी आले. उरलेली मीच निवडली.

गाडीत बसल्यावर बराच वेळ ह्यांनी किल्ली फिरवली नाही.

“अगं, त्यानं ओळखलं ना मला?”

“ओळखलं हो,” मी म्हटलं, आणि पिशवी मांडीवर घेतली.