तिसऱ्या बेटाची खिंड

ही, माझी बायको, गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही बोट बाहेर काढली.

बोट तीन घरांनी मिळून घेतलेली आहे. एक घर माझं. माझं फ्रिज दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. दुसरं मास्तरचं. मास्तर शाळेपासूनचा माझा मित्र. त्यानं जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे त्याची बायकोही त्याला मास्तरच म्हणते. तिसरं आमच्या दुसऱ्या मित्राचं, स्टुडिओचं. त्याचा फोटोंचा स्टुडिओ होता. दुकान विकलं, पण नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. लग्न त्यानं केलं नाही. लोकांच्या लग्नांचे फोटो काढूनच हौस फिटली, असं सांगतो.

वर्षातून एकदा, वारा एका दिशेनं नीट वाहायला लागला की आम्ही शीड उभारून बेटांकडे जातो. सुकाणूवर ही असायची. बाकी आम्ही सगळे तिचं ऐकणारे.

यंदा मास्तरनं त्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

"बोटीला गिऱ्हाईक आलंय. चांगला माणूस आहे. देऊन टाकू."

"का?"

"का म्हणजे? तिसऱ्या बेटाच्या खिंडीतून नेणार कोण? भाड्याचा कॅप्टन घेऊन फिरण्यात काय मजा?"

"मी नेईन."

"आजवर कधी नेलीयस?"

"आजवर कधी सांगितलंयस?"

वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, हसल्या. मास्तर हसला नाही. तो म्हणाला, "हा काही बिघडलेला फ्रिज नाही, दार उघडून आत डोकावायला. चल, एक करू. तिसऱ्या बेटाच्या आत नेऊन नांगर टाकून दाखव. पुन्हा विकायचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गुपचूप सही करायची."

स्टुडिओला विचारलं तर तो म्हणाला, "जो जिंकेल त्याच्या बाजूनं."

मी कबूल केलं. बोट गेली असती तर माझ्याकडे दोन खोल्या उरल्या असत्या आणि टीव्ही. मुलगी फोन करते, तिचा संसार लांब आहे. ही माणसं वर्षातून एकदा एका छताखाली झोपतात ती या बोटीमुळेच. बोट नसती तर आम्ही एकमेकांना वाढदिवसाचे मेसेज पाठवत राहिलो असतो.

पहिली दोन बेटं सोपी गेली. मोकळ्या समुद्रात सुकाणू धरणं अवघड नाही. वारा मानेवर कुठे लागतो ते लक्षात ठेवायचं आणि हात हलका ठेवायचा. वहिनी भात आणि उकडलेली अंडी करायच्या. ताट कलंडलं की मास्तर माझ्याकडे बघायचा, जणू लाट मीच आणली. स्टुडिओ दुपारभर डेकवर आडवा असायचा. मी म्हटलं, काहीतरी काम कर. तो म्हणाला, वजन म्हणून पडलोय, बोटीला तोल नको का?

मला बरं वाटत होतं. लपवत नाही. हिची आठवण येत होती, पण ती घरी येते तशी छातीवर बसत नव्हती. हाताला काम होतं.

तिसरं बेट वेगळं आहे. त्याच्याभोवती पोवळ्याच्या खडकांचं कडं आहे, पाण्याखाली, जेमतेम बुडालेलं. आत पाणी शांत, तळाला वाळू, नांगरासाठी याहून चांगली जागा नाही. पण आत शिरायला एकच खिंड, आणि तीही मध्ये वाकडी. सूर्य डोक्यावर असतानाच जायचं, म्हणजे पाण्याचे रंग दिसतात. गडद निळं दिसतं तिथे खोल. तपकिरी दिसतं तिथे खडक. शीड उतरवायचं, इंजिन लावायचं आणि चालत्या माणसाच्या वेगानं आत जायचं.

या खिंडीसाठी हिनं प्रत्येकाला एकेक काम लावून दिलं होतं. मास्तरकडे शीड आणि दोऱ्या. वहिनी खाली केबिनमध्ये, पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावरचे आकडे मोठ्यानं वाचायला. स्टुडिओ नांगराच्या साखळीपाशी. मी अगदी पुढच्या टोकाला उभा, पाणी बघून हातानं दिशा दाखवायला. इंजिनाच्या आवाजात मागे ऐकू जात नाही, म्हणून तोंड बंद आणि हात चालू. कुणी कुणाच्या कामात हात घालायचा नाही. स्वयंपाकघर चालवावं तशी ती बोट चालवायची.

खिंड समोर आली. मास्तरनं शीड उतरवलं, घडी घालून बांधलं. वहिनी खाली गेल्या. स्टुडिओ उठून साखळीपाशी बसला. मी इंजिन सुरू केलं, वेग कमी केला, "धर" म्हटलं आणि पुढे चालू लागलो.

पुढे जाऊन उभा राहिलो. पाणी काचेसारखं होतं. डाव्या बाजूला तपकिरी पट्टा, पुढे निळं, मग वळण. केबिनच्या उघड्या झडपेतून वहिनींचा आवाज येत होता. नऊ. साडेआठ. आठ. सगळं नेहमीसारखं. मी उजवा हात उचलला, म्हणजे उजवीकडे घे.

बोट वळली नाही. उलट नाक डावीकडे जायला लागलं. मी हात आणखी ताणला. वहिनी म्हणाल्या, पाच. मग तीन.

मी मागे बघितलं. मास्तर दोऱ्या गुंडाळत होता. सुकाणूपाशी कुणी नव्हतं. सुकाणूचा दांडा एकटाच इकडे तिकडे हलत होता.

मी धावलो. स्टुडिओच्या पायावर पाय पडला, तो शिवी देऊन बाजूला झाला. सुकाणू उजवीकडे आणून मी इंजिन उलटं टाकलं. बोट थरथरली. खालून करकर असा आवाज आला, तव्यावरून उलथनं ओढावं तसा. मग बोट मागे सरकली. आलो त्याच निळ्या पट्ट्यातून तिला मागे मागे घेत मी मोकळ्या पाण्यात आणली.

मास्तरनं तळाची फळी उचलून हात घातला. "कोरडं आहे," म्हणाला आणि तिथेच बसला.

मग स्टुडिओ म्हणाला, "तू 'धर' कुणाला म्हणालास?"

मी सुकाणूचा दांडा घट्ट धरला.

"मी ऐकलं," मास्तर म्हणाला. "तू म्हणालास, आणि मी माझ्या कामाला लागलो. मला काही खटकलं नाही."

वहिनी खालून वर आल्या. डोळे पुसले नाहीत, तसंच बोलल्या. "भावजी, कुणीतरी धरलं असेल असं नाही वाटलं मला. तिनंच धरलंय असं वाटलं."

स्टुडिओनं मान हलवली. म्हणजे त्यालाही तसंच वाटलं होतं.

त्या एका मिनिटात ती चौघांनाही सुकाणूवर दिसत होती. मला एकट्यालाच नाही. हे कळल्यावर मला रडू यायला हवं होतं. पण मला धीर आला.

मास्तर म्हणाला, "झालं मग. परत फिरू. सही कर."

"फिरायचं कशाला? सूर्य अजून डोक्यावर आहे."

"बोट घासली आत्ता."

"सुकाणू मोकळं होतं म्हणून घासली. आता मी तिथून उठणार नाही."

"मग पुढे कोण उभं राहील? मला तर ते रंगबिंग कळत नाहीत."

"स्टुडिओ उभा राहील. जन्मभर उजेड बघायचंच काम केलंय त्यानं."

स्टुडिओ म्हणाला, "माझा पाय मोडलाय."

"हातानं दाखवायचंय. पाय नको."

तो लंगडत पुढे गेला. लंगडणं निम्मं खरं होतं. मी त्याला एवढंच सांगितलं, "खडकाकडे हात दाखवू नकोस. जायचंय तिकडे दाखव."

पुन्हा आत शिरलो. सुकाणूवरून पाण्याचे रंग जवळजवळ दिसतच नाहीत. समोर डोलकाठी आणि स्टुडिओची पाठ, शर्टवर घामाचा मोठा डाग. बस्स. एवढ्यावर बोट न्यायची. ही इतकी वर्षं माझी पाठ बघून बोट नेत होती. आणि तिनं कधी "नीट दाखव" म्हटल्याचं मला आठवत नाही.

स्टुडिओचा उजवा हात वर गेला. मी दांडा ढकलला. बोट वळली, पण उशिरा. म्हणजे हात दिसायच्या आधी थोडी तयारी हवी. पुढच्या वेळी त्याचा खांदा हलताच मी दांड्यावर जोर दिला. वाकड्या जागी त्यानं दोन्ही हात वर केले. हे आमच्यात ठरलं नव्हतं. मी इंजिन मोकळं केलं आणि बोट तरंगत राहू दिली. तो वाकून बघत होता. वहिनी चार, चार, चार म्हणत होत्या. मास्तर दोरी हातात घेऊन माझ्या शेजारी उभा होता. दोरीचं काही काम नव्हतं.

स्टुडिओनं डावा हात सावकाश लांब केला. मी गेलो. पाणी फिकट हिरवं झालं आणि वहिनी म्हणाल्या, "सात. आठ. आलो बहुतेक."

स्टुडिओनं नांगर सोडला. साखळी खडखडत खाली गेली आणि बोट तिच्यावर ओढ घेऊन थांबली.

मास्तरनं शर्ट काढून पाण्यात उडी मारली आणि बोटीखाली गेला. वर आला तेव्हा केस डोळ्यांवर होते. "ओरखडा आहे," म्हणाला.

"मोठा?"

"गिऱ्हाइकानं भाव पाडण्याइतका."

"मग?"

तो शिडीला धरून लोंबकळत राहिला. "मग काय. विकत नसलो तर भावाचं काय करायचंय?"

वहिनींनी त्याला टॉवेल दिला आणि माझ्याकडे वळल्या. "भावजी, उद्या बाहेर पडताना सुकाणू मी धरणार आहे. आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही तरी विचारा."

"धरता का?"

"धरते."

"आणि खोली कोण वाचणार?" मास्तरनं पाण्यातून विचारलं.

"तुम्ही वाचा. आकडे तुमचेच."

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर आल्यावर आम्ही तसेच बाहेर पडलो. मास्तर खालून पाढे म्हणावेत तसे आकडे म्हणत होता. स्टुडिओ पुढे होता, आज न लंगडता. शीड आणि दोऱ्या माझ्याकडे आल्या होत्या. खिंडीबाहेर शीड चढवताना त्यातली कुठली कशाची हे वहिनी मला सुकाणूवरून ओरडून सांगत होत्या, आणि मी दर वेळी चुकीचीच ओढत होतो.