वरच्या खोलीची घरपट्टी

अर्ज मंजूर झाला आणि घरपट्टी निम्म्यावर आली.

झालं सांगून. आता हे वाक्य कृपा करून विसरा, कारण ज्या घराची ही घरपट्टी, त्या घरात ते कोणी उच्चारत नाही. मंजुरीचं पत्र आलंच नाही असं तिथे ठरलेलं आहे. पोस्टमन विचारतो, "पत्र मिळालं ना?" ताई म्हणते, "कसलं पत्र?" आणि पोस्टमनच बिचारा वरमतो. तेव्हा आपणही घरपट्टी अजून चढीच आहे असं धरून चालू.

तर, घरपट्टी चढी होती.

घर दुमजली, रस्त्याच्या पार टोकाला. खाली पुढच्या खोलीत बत्तीशी काम करायचा. बत्तीशी हे काही त्याचं नाव नव्हे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा आणि स्वतः कधी हसायचा नाही, म्हणून लोकांनी ते चिकटवलं. डॉक्टर ठसे पाठवत, हा प्लास्टरचे साचे ओते आणि मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत जाई. टेबलावर कायम पाचसहा जबडे आ वासून वाळत पडलेले. मागे स्वयंपाकघर आणि ताईची खोली. ताई त्याची थोरली बहीण. शाळेत मुलांना गणित शिकवायची आणि घरी आल्यावर भावाला. वरच्या खोलीत आई.

आईला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. हे डॉक्टरांचं मत. आईचं मत वेगळं असावं.

कारण दुपारची जेवणं आटोपली की वर खुर्ची सरकायची. भिंतीपासून खिडकीपर्यंत, करकरत, मध्ये एकदा दम खायला थांबत. जिवंतपणीही तिचा हाच क्रम होता. त्या आवाजाला वैतागून बत्तीशीने एकदा खुर्चीच्या पायांना रबराची टोपणं बसवली होती. आईने ती दुसऱ्या दिवशी उपटून त्याच्या हातात दिली. "मी जागची हलले हे खाली कळायला नको?" म्हणाली. उन्हं कलली की खुर्ची पुन्हा भिंतीला.

मेल्यानंतर पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा दोघं बहीणभाऊ भांडी घासत होते. ताईने वर पाहिलं. बत्तीशीने वर पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे न पाहण्याची खबरदारी घेतली.

"वारा आहे," ताई म्हणाली.

"हो. जोराचा आहे."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. तेव्हापासून घरात वारा हा शब्द जपून वापरला जाऊ लागला. त्याचा जाच म्हणाल तर काहीच नव्हता. उलट वर वारा सुटला की खाली जेवण अंगी लागायचं.

मग काचेचा कारखाना बंद पडला. अख्खा रस्ता त्याच्यावर जगत होता. माणसं पोटापाण्यासाठी गेली आणि जाताना आपापले दातही घेऊन गेली, त्यामुळे बत्तीशीच्या धंद्याला उतरती कळा लागली. घरांचे भाव तर असे कोसळले की शेजाऱ्याने घर फुकट देऊ केलं तेव्हा समोरचा म्हणाला, "आणि वर काय देता?" घरपट्टी मात्र भाव तेजीत असतानाची. भावाबरोबर वर चढली, उतरताना तिला कोणी हाक मारली नाही.

ताईने एका संध्याकाळी सगळा जमाखर्च मांडला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"असंच चाललं तर वर्षभरात घर सोडावं लागेल."

"सोडू. आपल्याला किती जागा लागते? दोन खोल्या बघू कुठेतरी."

"आणि वारा?"

बत्तीशीने हातातला जबडा मिटला.

"वारा काही बिऱ्हाडाबरोबर टेम्पोत घालता येत नाही," ताई म्हणाली. "तो घराबरोबर राहणार. उद्या कोण कुठला येईल, खुर्ची भंगारात देईल. मग तो काय सरकवणार, कपाळ?"

दोघांना घराचं काही पडलेलं नव्हतं. पण आईला परक्याच्या हवाली करून जायचं नव्हतं. म्हणून अर्ज केला.

कर कार्यालयात सुनावणीच्या बाईंनी अर्ज वाचला.

"भाव पडला म्हणता. पुरावा?"

"अहो, रस्ता ओस पडलाय," बत्तीशी म्हणाला.

"तिथलं एखादं घर अलीकडे कमी किमतीला विकलं गेलंय?"

"एकही नाही. कोणी घेतच नाही."

"म्हणजे कमी किमतीला विकलेलं घर नाही."

"कसं असेल?"

"मग भाव पडलेला नाही," बाई समाधानाने म्हणाल्या.

आयुष्यभर गणित शिकवून ताईला यात चूक काढता येईना, हे तिला फार लागलं.

बाई मनाने वाईट नव्हत्या. "असं करा," त्या पुढे झुकून म्हणाल्या, "विक्रीचा पुरावा नसला की आम्ही रिकामी खोली धरतो. घरात अशी एखादी खोली आहे का, जिच्यात कोणी राहत नाही आणि जी भाड्यानेही कोणी घेत नाही? खोली ओस म्हणजे भाव पडला. निरीक्षक येऊन बघून जातील."

ताई पर्स उघडून उगाच मिटत राहिली.

"वरची आहे," शेवटी बत्तीशी म्हणाला. "आईची."

"आई कुठे असतात?"

"ती वारली."

"मग झालंच की!" बाई खुलल्या, आणि घाईने चेहरा लांब केला. "म्हणजे, वाईट झालं. पण झालं."

निरीक्षक सकाळी यावेत म्हणून दोघांनी आठवडाभर वाट पाहिली. ते आले नेमके दुपारी, जेवणं झाल्यावर. स्थूल, घामेजलेले, काखेत फाइल. पुढच्या खोलीतले जबडे त्यांनी वाकून न्याहाळले.

"यातलं कोणी इथे राहतं?"

"नाही. तोंडं तेवढी येतात."

निरीक्षकांनी तसं लिहून घेतलं. तेवढ्यात वर खुर्ची सरकली. करकरत निघाली, मध्ये थांबली, पुन्हा निघाली.

"वर कोण आहे?"

"वारा," दोघं एका सुरात म्हणाले.

"बरा आहे," निरीक्षक म्हणाले आणि जिना चढू लागले.

खोली होती तशीच होती. पलंग, कपाट, आणि खिडकीशी खुर्ची. खुर्चीतली उशी मधोमध दबलेली. निरीक्षकांनी टेपने भिंती मोजल्या, कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं आणि तिथूनच बोलत राहिले.

"काय आहे, लोक भाडेकरू लपवायचे हो. एका घरात तर गादीच्या गुंडाळीत माणूस सापडला, वर आम्हालाच म्हणतो दार लावून घ्या. तेव्हापासून नियम झाला. मालकाने खोलीत उभं राहून जाहीर करायचं. हे एवढं वाचा, की मी सही करून मोकळा."

पलंगाखालून निघून त्यांनी चिठोरा पुढे केला. बत्तीशी पुटपुटला, "या खोलीत कोणीही राहत नाही..."

"असं मनातल्या मनात नाही. मोठ्याने. आत कोणी असेल तर त्याला ऐकू गेलं पाहिजे."

आणि इथे घोटाळा झाला. आईचा उजवा कान पार गेलेला होता. तिला काही सांगायचं म्हणजे खुर्चीच्या डाव्या अंगाला जायचं, जरा वाकायचं आणि शब्द सुटे सुटे करून बोलायचं. या खोलीत 'ऐकू गेलं पाहिजे' म्हटलं की बत्तीशीचे पाय आपसूक तिकडे वळायचे. ते वळले. तो डाव्या अंगाला गेला, वाकला, आणि तिला जेवायला हाक मारावी त्या आवाजात एकेक शब्द नीट सांगितला:

"या खोलीत कोणीही राहत नाही. कोणी राहत असल्यास आत्ता सांगावे. न सांगितल्यास राहण्याचा हक्क कायमचा सोडला असे धरले जाईल."

"अरे!" दारातून ताई म्हणाली. पण तोवर वाक्य संपलं होतं.

आता आई कशी होती हे सांगायला हवं. ती कोणाला भ्यायची नाही, पण सरकारी माणसाला तिने कधी ताटकळत ठेवलं नाही. विजेचं मीटर बघणारा आला तरी केस सारखे करून बाहेर यायची. शिक्का असलेला कागद उभं राहून वाचायची. रांगेत तिच्यापुढे कोणी घुसलं तर भांडायची, पण खिडकीतल्या माणसाने 'उद्या या' म्हटलं की निमूट उद्या जायची. नियम म्हणजे नियम, मग तो तिच्या मुलाच्या तोंडून का येईना.

खुर्चीतली उशी हळूहळू फुगून वर आली. कोणी उठल्यावर येते, तशी.

दाराच्या वाटेत उभे असलेले निरीक्षक फाइल पोटाशी धरून बाजूला सरले. वाट देतात तसे. "या, या, सावकाश," म्हणाले. मग दचकले.

"मी कोणाला म्हणालो?"

जिन्यावर काहीतरी उतरत होतं, मध्ये दम खायला थांबत. खाली पुढचं दार उघडलं आणि हलकेच ओढून घेतलं गेलं. ते दार आपटू नये म्हणून कसं ओढायचं, हे फक्त घरच्यांनाच माहीत होतं.

"रिकामी," निरीक्षकांनी लिहिलं. खोलीभर नजर फिरवली. "आता वाटते खरी रिकामी. मघाशी आलो तेव्हा उगाच भरल्यासारखी होती, नाही?"

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. दोघं भांडी घासायला उभे राहिले. नळ बंद केला. वर काही नाही.

"आज वारा पडलाय," बत्तीशी म्हणाला.

"येईल," ताई म्हणाली.

तिसऱ्या दुपारी खुर्ची सरकली. बत्तीशी हातातलं तापलेलं मेण टाकून दोन दोन पायऱ्या एकदम चढला. खुर्चीच्या पाठीला धरून ताई उभी होती.

"मीच," ती म्हणाली. "म्हटलं, आवाज ऐकून येईल. चुकीचं सरकवते मी. तिचं मध्ये थांबणं जमत नाही."

मग ते पत्र आलं, जे आलेलं नाही. ताई महिन्याच्या महिन्याला जुनी, चढी घरपट्टीच बाजूला काढत राहिली. पण नुसतं धरून चालल्याने काही होईना. शेवटी दोघं पुन्हा सुनावणीच्या बाईंपुढे जाऊन बसले.

"घरपट्टी वाढवून हवीय," बत्तीशी म्हणाला.

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "कमी करून मिळाली ना?"

"तेच चुकलं."

"वाढवून मागायची सोय नाही आमच्याकडे. कोणी मागितलीच नाही कधी. खोलीत कोणी राहायला आलंय का?"

"आलं नाही. गेलंय."

"मग रिकामीच आहे की."

"नोंद रिकामी आहे म्हणून ती येत नाही!" ताईचा आवाज चढला. "तुम्ही ओळखत नाही तिला. तुमच्या माणसाने हक्क सोडल्याचं आमच्याकडून वदवून घेतलं, आता ती उंबऱ्यात पाय ठेवायची नाही. नोंद बदला, म्हणजे येईल."

"आधी त्यांनी यायला हवं. मग नोंद होते."

"आणि नोंद झाल्याशिवाय ती येणार नाही."

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. आवाज उतरला होता. "लिहून द्या. मी ठेवून घेते."

जे काम कधीच व्हायचं नसतं, त्याला जगभर हेच उत्तर असतं. तरी ते दोघं बाहेरच्या बाकावर बसले. ताई सांगत गेली, बत्तीशी लिहीत गेला.

"विषय: वरच्या मजल्यावरील खोली वापरात असल्याबाबत.

महोदया, उपरोक्त खोली रिकामी असल्याचे आम्ही चुकून जाहीर केले. घरपट्टी पूर्वीइतकी, पूर्ण आकारावी. ती कशी भरायची ते आमचे आम्ही पाहू. हक्क सोडल्याची नोंद रद्द करावी आणि संबंधित व्यक्तीस तसे आपल्या कार्यालयाने सहीशिक्क्यानिशी कळवावे. आमच्या शब्दावर ती परतणार नाही. तिचा सध्याचा पत्ता आम्हांस ठाऊक नाही. तो आपल्या दप्तरी शोधून घेण्यात यावा, ही नम्र विनंती."