पातेले रिकामे कसे न्यायचे?

मित्रांनो, माझ्या कुशीला पडलेला पोचा आधी बघू नका. आधी काठ बघा. मी एक जुने तांब्याचे पातेले आहे, आणि असे जाड, गोलसर काठ हल्लीच्या भांड्यांना नसतात. ही बढाई नव्हे. मला घडवणारा तांबट शेवटचा ठोका मारून स्वतःच म्हणाला होता, "हे तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

ज्या बाईंनी मला घडवून घेतले, त्यांनी पुढे मला आपल्या लेकीला दिले. ती लेक म्हणजे आमच्या मावशी. सख्खे भाचरू त्यांना एकही नव्हते, पण शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनवणाऱ्या कारखान्यात त्या कामाला होत्या आणि तिथे झाडून सगळे त्यांना मावशीच म्हणत. छापील कागदाच्या लांबट पाकळ्या पोकळ गोलावर चिकटवायचे त्यांचे काम. समुद्राला सुरकुती पडलेली त्यांना खपत नसे. घरी त्या एकट्याच, पण थोडके रांधणे त्यांना जमायचे नाही. वाटाण्याचा रस्सा करायच्या तो चार घरी जाईल एवढा. ढवळून झाले की डाव माझ्या काठावर टणटण आपटायच्या. त्या आवाजाने मी सुखावून जात असे. दर वर्षी मला कल्हईही व्हायची. "बाहेरून पोचे पडोत, आतून उजळ हवं," असे त्या म्हणत.

एकदा कारखान्याच्या साहेबांनी अंगतपंगतीची टूम काढली. कामगार नाना मुलखांतून आलेले, नाना भाषा बोलणारे. दिवसभर मांडीला मांडी लावून काम करायचे, पण जेवताना ज्याचा त्याचा डबा आणि ज्याचा त्याचा कोपरा. साहेब म्हणाले, "आपण जगाचे गोल विकतो आणि शेजाऱ्याच्या डब्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही! शुक्रवारी प्रत्येकाने घरचं काहीतरी करून आणायचं." नेमक्या त्याच शुक्रवारी मावशी निवृत्त होणार होत्या.

लांब टेबलावरची वाळलेली खळ खरवडली गेली. प्रत्येक भांड्यामागे एक गोल मांडला आणि ज्याने त्याने त्यावर टाचणी टोचून आपले गाव दाखवले. रंगाऱ्याने गोड भात आणला होता, सुताराने पानात वाफवलेल्या वड्या. साहेबांनी स्वतः केलेला केक करपला होता, तो सगळ्यांनी हसत हसत वाटून घेतला. टेलिफोनवर बसणाऱ्या ताईला स्वयंपाकाचे वावडे, तिने विकतची बिस्किटे आणली आणि मावशींचा रस्सा मात्र बोटे चाटून खाल्ला. रंगारी चाखून म्हणाला, "आमच्याकडे अस्साच करतात. फक्त वर लिंबू पिळतात."

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. टाचण्या कुठेही असोत, एक रीत सगळ्यांची सारखीच होती. शेजाऱ्याचे भांडे कधी रिकामे परत करायचे नाही. साहेबांनी तर टाळ्याच वाजवल्या.

मावशींचे गुडघे दुखत असल्यामुळे मला उचलून नेणे त्यांना झेपेना. ताई म्हणाली, "राहू द्या मावशी. उरलेलं आम्ही संपवतो आणि पातेलं मी घरी आणून देते. भरून हं!"

"लवकर ये गं," मावशी म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या.

मला घासूनपुसून चहाच्या खोलीत ठेवले. ताई म्हणाली, "रविवारी काहीतरी करते आणि नेते." रविवार येत राहिले, जात राहिले. रंगाऱ्याच्या वाटेवरच मावशींचे घर होते. त्याने मला उचललेही, पण आत डोकावून परत ठेवले. "रिकामं कसं न्यायचं? बरं दिसत नाही." सुतारही तेच म्हणाला. एकदा मावशींचा फोन आला. "कधी येतेस?" त्यांनी विचारले. ताई म्हणाली, "येते हो, छानसं काहीतरी करूनच येते!" मित्रांनो, माया कुणाचीच खोटी नव्हती. म्हणून तर मी अडकून पडले.

पुढे माझ्यात साखरेच्या पुड्या ठेवू लागले. मग नळ गळायला लागला, तेव्हा मला त्याच्याखाली सरकवले. कल्हई उडत गेली. कुणाचा चमचा बशीला लागला तरी मला वाटे, मावशी आल्या. माझ्यावाचून त्यांचे घर सुने झाले असेल, फळीवरच्या माझ्या जागेकडे बघून त्या उसासे टाकत असतील, या विचाराने मी झुरत होते.

वर्ष सरले. पुन्हा अंगतपंगत ठरली आणि भांडे शोधताना ताईचा हात माझ्यावर पडला. "अगं आई! मावशींचं पातेलं!" तिचा चेहरा उतरला. त्याच शनिवारी संध्याकाळी तिने माझ्यात वाटाण्याचा रस्सा शिजवला, वर सढळ हाताने लिंबू पिळले आणि सकाळी मला मावशींच्या दारात नेले.

मावशी भिंतीला धरून आल्या. फार वाळल्या होत्या. झाकण काढून त्यांनी वास घेतला. "कळकलाय गं. कल्हई नसली की तांब्यात आंबट टिकत नाही. खाऊ नकोस हो, बाधेल."

ताई रडकुंडीला आली. "रिकामं आणायची लाज वाटली, मावशी. म्हणून तर एवढे दिवस..."

"वेडी की काय! रिकामं आणायचं होतंस, मी भरून दिलं असतं. वर्षभर कडी वाजली की वाटायचं, तू आलीस."

आता माझे नाव निघेल म्हणून मी काठ सावरून बसले.

"आणि पातेल्याचं काय मेलं! मला दुसरी दोन आहेत."

खरेच होती. माझ्या जागेवर, स्टीलची, चकचकीत. मला लागले, खोटे कशाला बोलू?

मावशींनी मला धुऊन कोपऱ्यात पालथे घातले आणि स्टीलच्या पातेल्यात रस्सा चढवला. दोघींसाठी, म्हणजे चार घरी जाईल एवढा. त्यांच्या आवाजात पुन्हा जोर आला, ताई हसू लागली. ढवळून झाल्यावर डाव टणटण वाजला. काठ माझा नव्हता, पण कितीतरी दिवसांनी मी तो आवाज ऐकत होते.

निघताना मावशींनी उरलेला रस्सा पातेल्यासकट ताईच्या हातात दिला.

"हे कधी आणून देऊ?" ताईने विचारले.

"रिकामं झालं की लगेच."

मी अजून कोपऱ्यात आहे. कल्हई होईल तेव्हा होईल. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे भांडे राहिले असेल, तर ते भरायची वाट बघू नका. आजच घेऊन जा. तिकडे भांड्याची वाट कुणी बघत नसते.