ओकखालचे लांब टेबल

मित्रांनो, लार्कमोरच्या बागेत तुम्ही कधी लग्नाला आला असाल, तर माझ्यावर कोपर टेकून नक्कीच जेवला असाल. नदीकडे उतरणाऱ्या हिरवळीवर मोठ्या ओकच्या सावलीत जे लांबलचक, मधोमध थोडे दबलेले टेबल आहे, ते मी. माझे वय झाले आहे, पण पाय अजून भक्कम आहेत.

वादळाने दलदलीतला सायप्रसचा एक वृक्ष आडवा केला आणि एसा टॉलिव्हर या सुताराने त्याच्या फळ्यांतून मला घडवले. एसा कामाला सावकाश होता. रंधा मारून झाला की तो डोळे मिटून माझ्यावरून तळहात फिरवी आणि कुठे खडबडीत लागले की पुन्हा रंधा उचली. त्याची मुलगी व्हर्लीन तेव्हा परकरी पोर होती. ती लाकडाच्या भुशात बसून विचारी, "बाबा, एवढं लांब टेबल कशाला हो?"

"मिस ऑगस्टाचे नातेवाईक पाहिलेस ना?" एसा म्हणे. "निम्मे उरलेल्या निम्म्यांशी बोलत नाहीत. लांबच बरं!"

मिस ऑगस्टा लार्क या बागेची मालकीण. तिने लग्न केले नाही, पण दुसऱ्यांची लग्ने लावण्याची तिला भारी हौस. वसंतात अझेलियाची झुडपे फुलली की बागेत मेजवान्या सुरू होत. गाड्या भरून पाहुणे येत आणि मागच्या बाजूच्या छोट्या कॉटेजमध्ये उतरत. प्रत्येक कॉटेजला फुलाचे नाव होते आणि खिडक्यांना झालरीचे पडदे. त्या भिंती पूर्वी कुणाच्या होत्या, हे पाहुण्यांना कुणी सांगत नसे. गुलामगिरीच्या काळात तिथे लार्कांचे गुलाम राहत. 'कॅमेलिया' नावाच्या कॉटेजमध्ये एसाचा आजा जन्मला होता. एसाने त्याच कॉटेजचे छप्पर कितीदा तरी शाकारले, पण त्याविषयी तो माझ्याजवळ एकदाच बोलला. मी लाकूड. माझ्याजवळ बोललेले बाहेर जात नाही.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. माझ्यावर पांढरीशुभ्र चादर अंथरली जाई. कोळंबी घातलेली मक्याची पेज, तळलेली कोंबडी, ऊन ऊन मक्याचा पाव, आणि गोड थंड चहाचे घाम सुटलेले पेले. नवऱ्यामुलाच्या हातून केक पडला की हशा पिके. म्हाताऱ्या बायका माझ्या कडेवरून बोट फिरवून म्हणत, "काय सुरेख काम आहे!" मी फुगून जाई. एसा तिकडे बोगनवेलीमागे खुर्च्या लावत असे. त्याला ते ऐकू जाई की नाही, देव जाणे.

व्हर्लीन मोठी झाली आणि लार्कमोरच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. तिचे लग्न ठरले तेव्हा ती मिस ऑगस्टाकडे गेली. मी जवळच होते.

"मिस ऑगस्टा, एका दिवसापुरतं हे टेबल चर्चच्या अंगणात नेऊ का? बाबांच्या हातचं आहे. जेवणावळ त्यावर झाली असती तर..."

मिस ऑगस्टा रागावली नाही. ती कधीच रागावत नसे. गुलाब खुडता खुडता म्हणाली, "व्हर्लीन, टेबल बागेचं आहे गं. बागेतच राहू दे त्याला."

तिने लग्नाला चांदीचे साखरदान पाठवले. एसाने आपल्या घराची दारे बिजागऱ्यांतून काढली, पिंपांवर आडवी टाकली आणि लेकीची जेवणावळ त्यांच्यावर घातली. हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री टॉलिव्हरांच्या घराला दारच नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातल्या बाया माझ्यापाशी भाजी चिरता चिरता हसत होत्या. व्हर्लीनही हसली. मग माझ्याकडे पाठ करून कांदे चिरायला बसली.

वर्षे गेली. एसा गेला. मिस ऑगस्टाही गेली. बाग ओस पडली. मला ओढत नेऊन पडवीमागच्या शेडमध्ये टाकले गेले. माझ्यावर रंगाचे डबे चढले, गंजलेली कात्री आली, उंदरांनी संसार मांडले. पावसाळ्यात एक पाय ओला राही. माणसाचा आवाज कानी पडत नसे. मित्रांनो, वाळवीपेक्षा ते जास्त पोखरते.

मग मिस ऑगस्टाच्या भाच्याचा मुलगा हॉलिस आला. त्याने कॉटेज रंगवली, हिरवळ कापली आणि लग्नांसाठी बाग पुन्हा उघडली. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असे. मला पाहून तो गड्याला म्हणाला, "हे कापून टाकू. झकास पाट्या होतील, 'स्वागत' वगैरे लिहायला."

मी कापले जाणार होते त्याच आठवड्यात शेडचे दार उघडले. एक तरुण मुलगी आत आली आणि तिच्या मागे काठी टेकत व्हर्लीन. केस पांढरे झाले होते, पण पावले मी ओळखली. मुलगी तिची नात, कोरीन.

"लग्न करायला अख्ख्या जॉर्जियात दुसरी जागा नाही मिळाली तुला?" व्हर्लीन कुरकुरत होती.

"आजी, ही जागा आपल्याच माणसांनी उभी केलीय."

"म्हणून तर म्हणते!" बोलता बोलता ती थांबली. तिने एक डबा बाजूला सारला, माझ्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. अगदी बापासारखे.

हॉलिस धावत आला. "ते जुनं लाकूड आहे हो, त्याच्या पाट्या करायच्यात."

"माझ्या बापाचं काम आहे," व्हर्लीन म्हणाली. "करवत चालवायची तर आत्ता चालव, माझ्यासमोर."

हॉलिसचा चेहरा पडला. "मला ठाऊक नव्हतं. तुम्ही घेऊन जा ना. खरंच, न्या."

"नेऊन ठेवू कुठं? माझं घर याच्यापेक्षा आखूड आहे. टेबल बागेत ठेव. आणि पाट्यांची एवढी हौस आहे ना तुला? मग त्या कॅमेलियावर एक लाव. टॉलिव्हरांचं नाव लिही, आणि ते तिथं कोण म्हणून राहत होते तेही लिही."

हॉलिस चुळबुळला. "लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना असलं काही वाचायला... जरा जड जातं."

"मग वाचू नका म्हणावं. पाटी मात्र राहू दे. नाहीतर मी या लग्नाला येत नाही."

"आजी नाही तर मीही इथे लग्न करणार नाही," कोरीन म्हणाली.

दोघी निघून गेल्या. पुढचे कितीतरी दिवस मी करवतीची वाट पाहत होते. एके सकाळी दोन गडी आले आणि मला उचलून ओकखाली घेऊन गेले. तिथून कॅमेलिया दिसते. हॉलिस स्वतः शिडीवर चढून पाटी ठोकत होता. ती वाकडी लागत होती. उतरून पाही, पुन्हा चढे. नंतर त्याने माझा कुजका पाय बदलून घेतला आणि मला तेल पाजले.

लग्न अझेलियाच्या दिवसांत झाले. काही पाहुण्यांनी पाटी दोनदा वाचली, काहींनी मुलांना उचलून दाखवली. व्हर्लीन निळा झगा घालून आली होती, पण सवय कुठे जाते? चहाचा जग घेऊन ती माझ्याभोवती फिरू लागली.

"आजी, जग ठेव. बस इथे."

"बसते गं. त्या टोकाच्यांना अजून..."

"त्या टोकाच्यांना हात आहेत," कोरीन म्हणाली आणि तिने जग काढून घेतला.

व्हर्लीन बसली. आयुष्यभर तिने माझ्यावर ताटे मांडली होती, पण तिच्या कोपरांचे वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तिने सावकाश, चवीने जेवण केले. पीचची मिठाई दोनदा मागून घेतली आणि वर म्हणाली, "गोड कमी आहे."

मित्रांनो, मला पावसात सोडू नका, वर्षाकाठी तेल द्या, एवढे केलेत तर मी अजून पुष्कळ लग्ने पाहीन. पण लाकडाची काळजी घेणे सोपे असते. माझ्याभोवती जेवायला बसाल तेव्हा मागे वळून पाहा. कुणीतरी जग हातात घेऊन उभे असेल. सरकून त्याला जागा करून द्या. मी लांब आहे, सगळे मावतील.