उघडा ठ

गिरणीवाल्या काकांनी कुत्र्याच्या तोंडावरच्या जाळीत दोन बोटं घालून ती काचत नाही ना, ते पाहिलं आणि मगच खिडकीसमोरच्या खुर्चीवर टेकले. कुत्रा त्यांच्या नडगीला रेलून उभा राहिला. पांढरा, रुंद छातीचा, एक कान तपकिरी. डोकं अंगाला एक माप मोठं, थोरल्या भावाचं घालून आल्यासारखं.

“चावतो का?” केनेल क्लबच्या कारकुनाने सवयीने विचारलं.

“हा? चोर आला तर बॅटरी धरून वाट दाखवील त्याला. पिठ्या, साहेबांना नमस्कार कर.”

पिठ्याने शेपूट एकदा फरशीवर आपटली. फरशीवर पिठाची पुसट रेघ उमटली.

भिंतीवर नोटीस होती. पिट बुल आणि त्या प्रकारच्या कुत्र्यांची नोंदणी बंद. पूर्वीची तशी नोंद असेल तर कुत्रा इथेच जमा करायचा; सात दिवस कोंडवाड्यात, मग सुई. बाकीच्यांना ‘संकर’ असा दाखला मिळायचा. दाखला हातात पडला की कुत्रा घरी.

“शेजारी म्हणतात, तोंडावरून तोच वाटतो,” काका म्हणाले. “म्हटलं, तोंडाला तोंड कशाला द्यायचं, कागदच आणून दाखवतो.” एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांतून त्यांनी लसीचं कार्ड काढलं. “तुमच्याच क्लबचं आहे. सहा वर्षं झाली, पण घडी मोडू दिली नाही.”

कारकुनाने क्रमांक टाकला. पडद्यावर ओळ लाल झाली. जात : पिट.

त्याने कार्ड उचललं. जातीच्या रकान्यात निळी शाई होती, आणि अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

लसीच्या शिबिराचा तो दिवस त्याला आठवला. टेबलापुढे रांग, कुत्र्यांचा गलका, आणि तळहातावर मावेल एवढं पिल्लू घेऊन आलेला हा माणूस. माणसाच्या पापण्यांवर पीठ, पिल्लाच्या मिशांवर पीठ. “जात?” त्याने ओरडून विचारलं होतं. “जातं? जातं कुठलं आता साहेब, गिरणी आहे! पीठ, नुसतं पीठ!” सगळी रांग हसली होती. तोही हसला, आणि हसता हसता रकान्यात लिहून गेला : पीठ.

फक्त त्याचा ठ कधी मिटत नसे. लहानपणी आई पाटीवर बोट धरून म्हणायची, “ठ ठेंगणं घर, आत गेलास तर दार लाव.” त्याने ते दार कधी लावलं नाही. घाईत तर ठ चा ट व्हायचा. पुढे कोणीतरी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली, तेव्हा ‘पीट’ वाचलं आणि ‘पिट’ टाकलं.

“पाच मिनिटं बसा, काका.”

“बसतो की. आम्हाला कुठं जायचंय? आज गिरणी बंदच ठेवलीय.”

आतल्या खोलीत त्याच्या वरिष्ठ मॅडमनी कार्ड जवळ धरून पाहिलं, मग लांब धरून.

“पिट नाही मॅडम, पीठ आहे. मीच लिहिलंय. माझा ठ असाच येतो.”

“जातीच्या रकान्यात पीठ?” मॅडमच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विझलं. “अहो, मला पटतंय. पण पिटची यादी सकाळीच वर गेली. हे बघा.” ‘दुरुस्ती’चं बटण राखाडी झालं होतं. त्याला दिसावं म्हणून त्यांनी ते दोनदा दाबलं. “अर्ज करा. उत्तराला महिना लागेल.”

“कोंडवाड्यात सात दिवस ठेवतात.”

“माहीत आहे मला.” त्यांनी कार्ड परत दिलं. “आणि नव्याने तपासा म्हटलं, तरी त्याचं डोकं पाहिलंत ना?” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “कोंडवाड्याची गाडी आली आहे. त्यांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील ते.”

बोळात तो थांबला. खिशातलं पेन काढून, कार्ड भिंतीला टेकवून, त्याने ठ चा गोल पुरा केला. आता कोणालाही वाचता आलं असतं.

तो बाहेर आला तेव्हा फाटकाला कडी पडली होती. गाडीवाला दोरीचा फास घेऊन पायरीशी उभा होता. पिठ्याने त्याच्याकडे पाहून शेपूट हलवली.

कारकुनाने नोंदीचं सांगितलं, यादीचं सांगितलं, सात दिवसांचंही सांगितलं. काका मान हलवत ऐकत राहिले, गिऱ्हाईक दळण कसं हवं ते सांगत असावं तसं. मग त्यांनी हात पुढे केला. कार्ड चष्म्याशी नेलं.

“पीठ,” त्यांनी वाचलं. “स्वच्छ लिहिलंय की. तुमची काय चूक? तुम्ही विचारलीत जात, मी ऐकलं जातं. सगळ्यांना हसवायला गेलो.” त्यांनी पिठ्याच्या तपकिरी कानामागे बोटं घातली. “माझीच जीभ मेली.”

“काका, तसं नाही. ते…”

“पावती द्याल ना?”

कारकुनाने पावतीपुस्तक उघडलं. त्याने तारीख लिहिली, रंग लिहिला, नावाच्या रकान्यात नाव लिहिलं.

काकांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आधी पावतीकडे, मग हातातल्या कार्डाकडे, मग पुन्हा पावतीकडे. त्यांचं पांढरं बोट नावाच्या दुसऱ्या अक्षरावर येऊन थांबलं.

“साहेब, एवढं तेवढं मिटवा,” ते हळूच म्हणाले. “नाहीतर तिकडे याला भलत्याच नावाने हाक मारतील.”