मोजोबाच्या कानातली माती

“मोजोबा, मोजोबा, पोरांनी तुझ्या कानात सांगितलेलं सगळ्यात भारी गुपित कोणतं रे?”

मित्रांनो, हा प्रश्न भरसभेत विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि विचारणारीनं तो उभं राहून, मान ताठ करून, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा विचारला. त्याला आता आठवडा होत आला. माझ्या शिवणी अजून जागेवर आलेल्या नाहीत.

पण थांबा, ‘आधी ओळख करून देतो’ असं माणसं म्हणतात, तसं मीही म्हणतो.

मी एक जुना मोजा आहे. डाव्या पायाचा की उजव्या, ते विचारू नका, कारण माझ्या जोडीदाराला वाऱ्यानं दोरीवरून नेलं ते नेलंच. एकट्या मोज्याला जगात काय किंमत? फार तर फडकं. पण मी पडलो मोठ्या बाईंच्या हाती. बालवाडी त्यांनीच उभी केलेली. त्यांनी मला धुतलं, कोटाच्या दोन बटणांचे डोळे लावले, बोटांच्या टोकाशी लाल कापडाचं तोंड शिवलं आणि जुन्या टॉवेलाचे दोन कान केले. कान कसले, सुपंच ती. आतून पोकळ, खिशासारखी. तोंड मात्र एवढंसं. “असंच हवं,” असं म्हणून बाईंनी दोरा तोडला. पोरांनी माझं बारसं केलं: मोजोबा.

माझ्या आत हात गेला की माझ्यात जीव येतो. लाजरीबुजरी पोरं माझ्याशी बोलतात. मोठ्या माणसाला जे सांगता येत नाही, ते माझ्या कानाला ओठ लावून सांगतात. आणि कान जिथे संपतो, तिथे बाईंचा हात असायचा. त्यांच्या हाताखाली एक तरुण ताई मदतीला होत्या. त्यांना बाई सांगायच्या, “मोजोबाला सांगितलेलं आपल्याला कळतं, म्हणजे ते आपलं होत नाही गं. हातानं काम करायचं. तोंड उघडायचं नाही.”

एक पोरगा रोज चड्डी ओली करायचा. सगळे त्याला हसायचे. एकदा त्यानं मला सांगितलं की, मोरीच्या कोपऱ्यात काळा माणूस बसतो. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात दिवा लागला. ताईंनी विचारलं, “बाई, दिवसाढवळ्या दिवा कशाला?” तर बाई म्हणाल्या, “मला म्हातारीला दिसत नाही.” काळा माणूस गेला, चड्डी कोरडी राहिली आणि या कानाचं त्या कानाला कळलं नाही. त्या पोराला तर वाटलं, बाई खरंच आंधळ्या होत चालल्यात. तो त्यांचा हात धरून त्यांना पायरी उतरवायला लागला.

ते दिवस गेले. बाई थकल्या आणि त्यांनी बालवाडी ताईंच्या हवाली केली. ताई मनानं वाईट नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो. कोणाचं नाक वाहतंय, कोणाच्या बुटात खडा आहे, त्यांना न बघता कळतं. शिवाय त्यांचा आवाज असा, की त्यांच्या हातात मी पोपटासारखा बोलतो. पालक टाळ्या वाजवतात. टाळ्या कोणाला नकोत?

ताईंची लेक आता दहावीत आहे. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा तिच्या तोंडून धड आवाज फुटत नव्हता. मग वर्गात एकदा भाषण केलं, ते गाजलं, आणि तेव्हापासून मैत्रिणी तिला भोंगा म्हणतात. तीही लहानपणी याच बालवाडीत होती. तिनंही माझ्या कानात काहीतरी सांगितलं होतं. काय, ते मी सांगणार नाही. तुम्ही डोळे मोठे करून बघितलंत तरी नाही.

यंदा बालवाडीत एक मुलगी आली. इतकी लहान आणि इतकी गप्प, की सगळे तिला मुंगी म्हणायचे. कित्येक महिने तिनं तोंड उघडलं नाही. ताईंनी किती गाणी म्हटली, मी किती माना वेळावल्या. मग एका दुपारी, सगळी पोरं झोपलेली असताना, ती सरपटत आली आणि माझ्या कानात म्हणाली, “आमचा नळ रडतो. आई आत गेली की खूप रडतो.”

ताईंनी आनंदानं मला छातीशी धरलं. मुंगी बोलली. त्या आनंदात नळ का रडतो, हे विचारायचं राहून गेलं. बाई असत्या तर त्यांनी मुंगीच्या आईला दारात थांबवून नुसतं म्हटलं असतं, “बसा जरा, चहा टाकलाय.”

आणि मग तो बालवाडीचा वार्षिक कार्यक्रम आला. सगळे पालक जमले. मी बोलत होतो, लोक हसत होते. भोंगानं मैत्रिणींच्या पैजेपायी तो प्रश्न टाकला. ताई रंगात आल्या होत्या. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, “सांगू? आपल्या मुंगीच्या घरचा नळ रडतो. आई आत गेली, की जास्तच रडतो.”

सभा खो खो हसली. मागून एक काका ओरडले, “अहो, वायसर बदला त्याचं.” मुंगीची आजी शेजारणीला म्हणाली, “तरीच टाकी पुरत नाही आम्हाला.” आणि मग तिनं मान वळवून सुनेकडे बघितलं.

मुंगीची आई हसत नव्हती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्या चेहऱ्यावरून सभेतल्या एकेका बाईला कळत गेलं, की नळाच्या आवाजाखाली कोणाचं रडणं लपत होतं. हसू जसं उठलं होतं, तसं रांगेरांगेनं विझलं. आजीची मान वळलेलीच राहिली. मुंगीनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही तळव्यांनी आपलं तोंड दाबून धरलं.

मी बटणांच्या डोळ्यांनी बघत राहिलो. मला पापण्या नाहीत, मिटू काय? माझ्या आतल्या बोटांनी माझं तोंड मिटलं, पण फार उशिरा.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली. कोणाशी बोलली नाही. खेळायच्या मातीचा निळा गोळा घेतला, माझ्यापाशी आली आणि माझे दोन्ही कान त्या मातीनं गच्च भरले. बोटानं दाबून दाबून भरले. बाकीची पोरं बघत होती. त्या दिवसापासून माझ्याजवळ एकही पोर फिरकलं नाही.

तुम्ही म्हणाल, कान बंद झाले तर पुढचं ऐकलं कसं? अहो, मोजा तो मोजा. भोकं काय एका जागी असतात?

काल ताईंनी मला धुवायला घरी आणलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मला आडवं केलं. भोंगाचे बाबा केसांचा आकडा घेऊन माझा कान कोरायला बसले.

“निघेल,” बाबा म्हणाले. “वाळलीय, पण निघेल. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. गमतीत बोलून गेलीस.”

“चार वर्षांची आहे,” ताई हळूच म्हणाल्या. “विसरेल. आठ दिवसांत विसरेल.”

भोंगा दारात उभी होती. आठवडाभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मैत्रिणींनी पैजेचं आइस्क्रीम देऊ केलं, तेही तिनं घेतलं नव्हतं.

“आई, मी बालवाडीत असताना मोजोबाला एक गोष्ट सांगितली होती. तुझ्याबद्दल. हात मोठ्या बाईंचा होता, आणि तू तिथेच, पलीकडच्या खोलीत असायचीस.”

ताई वळल्या. “माझ्याबद्दल? कोणती गोष्ट?”

“बघ ना. तुला आजपर्यंत कळली नाही.”

ओट्यावर पाणी ठिबकत होतं. ताईंनी हात पुढे करून नळ घट्ट बंद केला आणि हात तिथेच ठेवून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही पुढे कोणीही व्हा, पण कधी एखादं लहान पोर तुमच्या कानाशी आलं, तर कान द्या, हात द्या, आणि तोंडाला शिवण घाला. मी मोज्याचा मोजा, मला धुता येतं. त्या पोराचा उडालेला विश्वास कोणत्या साबणानं परत यायचा?

भोंगानं बाबांच्या हातातून मला काढून घेतलं आणि म्हणाली, “ही माती मुंगीनं घातलीय. काढली तर तीच काढेल, नाहीतर मोजोबा असाच राहील. आई, उद्या तू तिच्यासमोर खाली बसून तिची माफी मागायचीस, चार वर्षांची असली तरी, आणि तुझ्यानंतर मी मागणार, कारण प्रश्न माझा होता. आणि बाबा, उद्यापासून क्लासच्या आधी मी रोज बालवाडीत जाणार. बोलायला नाही. तिच्या शेजारी नुसती बसायला.”