उतारावरची शेवटची नळी

मी काँक्रीटच्या पंपाची शेवटची नळी बोलतेय. पंपापासून खाली येणारे सगळे पाइप लोखंडी, अंगाने ताठ आणि स्वभावानेही. मी तेवढी रबराची. मला वाकवा, वळवा, खांद्यावर घ्या, कोपऱ्यात घाला, मी कुरकुर करत नाही. ओतायचं काम शेवटी माझ्याच तोंडून होतं, त्यामुळे मला थोडी गुर्मी आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. रबराच्या थरांत पोलादी तारा गुंडाळून मला घडवलं, जहाजात घातलं आणि दार एस सलामच्या बंदरात उतरवलं. तिथून ट्रकने किगालीला आले. गाहिगी नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. त्याच्याकडे एकच पंप होता आणि बोलणं मात्र दहा पंपांचं.

किगालीत सपाट जागा शोधून सापडत नाही. रस्ता टेकडीच्या माथ्यावर आणि बांधकाम खाली, केळीच्या बागेच्या पलीकडे. म्हणजे पंप वर, मी खाली, आणि मधे साठ मीटरचा उतार. असल्या उतारावरच आमची एकदा चांगली फजिती झाली होती.

तेव्हा सगळा कारभार सेबाहिरेबाबांच्या हाती होता. पाइप जोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण ते म्हणतील ती पूर्व दिशा! त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं आधी पाणी सोडलं, मग पाण्यात कालवलेल्या सिमेंटची पातळ राळ, मग काँक्रीट. सपाटीवर हे तिघे एकामागे एक शहाण्यासारखे चालतात. राळ पाइपाच्या आतून लेप देत जाते आणि तिच्या मागून काँक्रीट सरकतं. उतारावर मात्र राळ शाळा सुटल्यासारखी पुढे पळाली. मागे पाइप रिकामा झाला, त्यात काँक्रीट धाडकन कोसळलं, सिमेंट एकीकडे आणि खडी दुसरीकडे. तेव्हा मला धरून वेस्टीन उभी होती. नुसत्या खड्यांचा खडखडाट तिने ऐकला आणि ती ओरडली, "थांबवा!" पण बायकांच्या हाकेला वर कोण विचारतो? खालच्या वाकणात खडी गच्च बसली. संध्याकाळपर्यंत हातोडे मारून एकेक पाइप उघडावा लागला. पंप चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

गाहिगीने मग वेस्टीनलाच बोलावलं. ती तीन वर्षं पाइप उचलत होती आणि पंपाचं पुस्तक तोंडपाठ करत होती.

"तू चालव," तो म्हणाला. "पण एकदाच सांगतो, दवाखान्याच्या पायाच्या कामात पाइप अडकला, तर परत पाइप उचलायला जायचं. आणि तक्रार करायची नाही."

"नाही अडकणार," वेस्टीन म्हणाली. सेबाहिरेबाबा बाजूला उभे राहून मिशीतल्या मिशीत हसले. मला त्यांचा राग आला.

दवाखान्याची जागा आधीपेक्षा जास्त उताराची. वेस्टीनने सकाळीच सांगितलं, की राळेच्या पुढे स्पंजाचा चेंडू घालायचा. चेंडू पाइपात घट्ट बसतो, राळेला अडवून धरतो आणि पंप ढकलेल तेवढाच पुढे सरकतो. मग राळेची काय बिशाद पळायची! काँक्रीटच्या गाड्या निघाल्याचा फोन आला. वेस्टीनने हत्यारांची पेटी उघडली. चेंडू नव्हता.

चेंडू सापडला तो स्वयंपाकाच्या चुलीपाशी. अर्धाच. गड्यांचा स्वयंपाक करणाऱ्या मुकांडोलीबाई त्याने घेवड्याचं पातेलं घासत होत्या.

"मला काय ठाऊक, हा तुमच्या यंत्राचा दागिना आहे ते?" त्या म्हणाल्या. "पातेलं कसं लख्ख निघतंय बघ! अर्धा जावेला दिला."

"अहो बाई, त्याच्यावर माझी नोकरी आहे!"

"मग पेटीला कुलूप लावायचं, पोरी. माझ्या चुलीजवळ मऊ वस्तू ठेवली की ती माझी."

वेस्टीनचा चेहरा उतरला. गाड्या अर्ध्या तासात पोचणार होत्या आणि काँक्रीट काही कोणाची वाट पाहत नाही. ती सरळ सेबाहिरेबाबांसमोर गेली.

"बाबा, लहानपणी केळीच्या पानांचे चेंडू करायचात ना?"

"आमच्या टेकडीवर माझ्यासारखा चेंडू कोणी बांधत नव्हतं. का?"

"मला एक बांधून द्या. पाच इंची पाइपात बसेल असा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाकाने कांदे सोलणार. पण म्हातारा उठला, बागेतून सुकी पानं ओढून आणली आणि मांडी ठोकून बसला. बोटं अशी चालली की बघत राहावं. सुतळीने आवळून त्यांनी चेंडू जमिनीवर आपटला, तर तो टणकन उडाला.

"घे! कितीही लाथा मार, फुटायचा नाही."

"खेळायचा नाहीये, बाबा. वाकणातून जायचाय. इतका कडक असला तर तोच अडकेल."

बाबांनी तोंड वाकडं केलं, पण सुतळी सोडली. दुसरा चेंडू सैल बांधला, वरून सिमेंटच्या गोणीचा भिजवलेला कागद गुंडाळला. वेस्टीनने तो पाइपात मुठीने रेटून पाहिला. घट्ट होता आणि दबतही होता. तिने मान हलवली.

चेंडू वरच्या पाइपात गेला, मागून राळ गेली. वेस्टीन रिमोट घेऊन उताराच्या मध्यावर उभी राहिली, म्हणजे वरचं आणि खालचं दोन्ही दिसेल. पंप अगदी हळू सुरू झाला. मी खाली बांधलेली, माझं तोंड एका रिकाम्या खड्ड्याकडे. माझ्यातून नुसती हवा फुसफुसत होती. तेवढ्यात रुगेमा नावाचा गडी वाकून माझ्या तोंडात डोकावला.

पंप बंद झाला.

"रुगेमा! थोबाड शाबूत हवंय ना? मग मागे हो! कोंडलेल्या हवेने चेंडू गोळीसारखा सुटतो! चेंडू बाहेर पडून काँक्रीट सरळ वाहायला लागेपर्यंत नळीसमोर कोणी यायचं नाही!"

गडी कावराबावरा होऊन मागे सरला. पंप पुन्हा सुरू झाला. मी कान देऊन ऐकत होते. खडखडाट नव्हता. वरून एक जड, सलग सरसर येत होती. मग पॉक्कन चेंडू बाहेर पडला, मागोमाग राळ खड्ड्यात गेली आणि तिच्या पाठीला चिकटून करडं, एकजीव काँक्रीट आलं. मला पायाच्या चरात वळवलं आणि दुपारपर्यंत मी अखंड ओतत राहिले. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

गाहिगी आला तेव्हा काम संपत आलं होतं. त्याने सवयीने सेबाहिरेबाबांना विचारलं, "पाइप कधी धुवायचे?"

"मला काय विचारता?" बाबा म्हणाले. "पंपवालीला विचारा."

त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. आम्ही कितीतरी टेकड्या उतरलो. आता माझं तोंड झिजलंय आणि पोटाशी तार दिसायला लागलीय. काल वेस्टीनने हात फिरवून ती तार पाहिली आणि म्हणाली, "ही आता नको. फुटली तर कोणाचा तरी जीव जाईल." गाहिगी म्हणाला, वरून रबर गुंडाळ, अजून एक काम निघेल. वेस्टीन नाही म्हणाली. तो पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात सेबाहिरेबाबा करवत घेऊन आले. चुकून कोणी मला पुन्हा जोडू नये म्हणून झिजलेली नळी कापून टाकायची, असा वेस्टीनचाच नियम.

मला भीती वाटत नाही. माझ्यामुळे कोणाला इजा झाली नाही, हे मी छाती फुगवून सांगेन. तुम्हाला एकच विनवणी आहे. उतारावर पंप लागलेला दिसला, तर माझ्या जागी आलेल्या नव्या नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका, आणि खालून कोणी "थांबवा" म्हणालं तर ते कोण आहे हे न बघता थांबवा.

बाबांनी करवत माझ्यावर टेकवलीय. आयुष्यभर कोणाला काही न विचारणारा हा म्हातारा मान वर करून वेस्टीनकडे बघतोय.

"पंपवाली," तो विचारतोय, "कापू का?"